एका युनिटात पंधरा वेळा कसारा घाट

नाशिकच्या सायकलवाल्याला कसारा घाट आधी उतरावा लागतो आणि मग चढावा लागतो. साडेचारला अंधारातच घर सोडलं, साडेसातला कसाऱ्यात टपरीवर चहा घेतला आणि सायकल परत नाशिककडे वळवली. चौथ्या वळणावर नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब सुटला आणि सायकलच्या आडव्या दांडीवर पडला. मग दुसरा, तिसरा. थोड्या वेळाने दांडीवरून बारीक ओघळ वाहायला लागला. समोरून उतरणाऱ्या ट्रकांच्या तापलेल्या ब्रेकचा जळका वास येत होता, आणि डाव्या कानात फक्त स्वतःचा श्वास. अशा वेळी वाटतं की माणूस काहीतरी प्रचंड काम करतोय.

घरी येऊन हिशेब मांडला आणि चक्रावलो.

कसारा ते इगतपुरी रेल्वेमार्ग ९७२ फूट चढतो, म्हणजे जवळजवळ ३०० मीटर. रस्त्याची चढणही साधारण तेवढीच. मी आणि सायकल मिळून ८० किलो. ८० किलो वजन ३०० मीटर उचलायला लागणारी ऊर्जा विजेच्या भाषेत सांगायची तर ०.०६५ युनिट. एका युनिटचा पंधरावा हिस्सा! नऊ वॅटचा एलईडी दिवा सात तास जळतो तेवढी. ज्या घाटाने मांड्या पेटवल्या, त्याचं वीजबिल एक रुपयाही होत नाही. एका युनिटात पंधरा वेळा घाट चढून होतो. आणि एव्हरेस्टची ८,८४९ मीटर उंची? समुद्रापासून थेट शिखरापर्यंत, सायकलसकट, दोन युनिटांच्या आत.

वाऱ्याचा आणि टायरच्या घर्षणाचा वाटा यात धरलेला नाही. पण घाटात वेग इतका कमी असतो की वारा फारसा आडवा येत नाही. खरी लढाई वजनाशीच.

मग घाम कुठून आला? शरीराच्या इंजिनातून. स्नायू खाल्लेल्या अन्नाचा जेमतेम चौथा हिस्सा कामाला लावतात, उरलेल्या तीन हिश्शांची उष्णता होते. म्हणजे दिवा लागतो एक आणि शेगडी पेटते तिप्पट. ती उष्णता बाहेर काढायला पाव लिटरच्या वर घाम वाळवावा लागतो. माझ्या दांडीवरचा ओघळ त्यातलाच. एवढ्या सगळ्याला इंधन मात्र किती? एक मोठी भाकरी आणि वर चमचाभर शेंगदाण्याची चटणी. बस्स.

हलक्या गिअरवर पायडलचा एक पूर्ण फेरा सायकलला साधारण अडीच मीटर पुढे नेतो. रस्ता शंभर मीटरला पाच मीटर चढत असेल, तर त्या एका फेऱ्यात आपण साडेबारा सेंटिमीटर वर जातो. पाच इंच! घराच्या जिन्याची पायरीही याहून उंच असते. घाट म्हणजे असे २,४०० फेरे. सेकंदाला एक या लयीत चाळीस मिनिटं. त्या चाळीस मिनिटांत मिनिटाला १४० ठोक्यांनी हृदय ५,६०० वेळा धडधडतं आणि सुमारे ६०० लिटर रक्त ढकलतं; गच्चीवर पाण्यासाठी ठेवतात तसली २०० लिटरची तीन पिंपं. अंगात रक्त आहे पाच लिटर. म्हणजे तेच रक्त शंभराहून जास्त वेळा फिरून आलं. मला घाटातला सगळ्यात विलक्षण आकडा हाच वाटतो. बाहेरून दिसतो एक माणूस, चालण्याच्या दुप्पट वेगाने वर सरकणारा.

वर सरकताना दरीतून रेल्वेगाडीचा भोंगा ऐकू येतो. तिथे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी जादा इंजिनं, लागलेले असतात. कसारा ते इगतपुरी चढण दर ३७ फुटांना एक फूट, ब्रॉडगेजवरच्या देशातल्या सर्वांत तीव्र चढणींपैकी. पुढच्या इंजिनाला ती एकट्याने झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या शेपटीला जादा इंजिनं जोडतात आणि ती इगतपुरीपर्यंत मागून रेटतात. सायकलच्या हिशेबात हा चढ तीन टक्क्यांच्याही आत येतो. नवखा सायकलवाला ज्याला हलका चढ म्हणेल, तो हजार टनांच्या गाडीला मदतनीस मागायला लावतो. १ जानेवारी १८६५ ला हा मार्ग इगतपुरीपर्यंत सुरू झाला. तेरा बोगदे आणि एहेगावचा पूल, ७५० फूट लांब, दरीच्या तळापासून १८२ फूट उंच. सगळा खटाटोप चढ सौम्य ठेवण्यासाठी.

आता बाराशे टनांची गाडी धरू, आत बाराशे प्रवासी. एवढं वजन ३०० मीटर चढवायला निव्वळ ९८० युनिटं लागतात. महिन्याला शंभर युनिटं वापरणाऱ्या घराची नऊ महिन्यांहून जास्त वीज अर्ध्या तासात डोंगरावर चढते. माणशी हिशेब केला तर प्रत्येक प्रवाशामागे एक टन लोखंड आणि सामान वर जातं. एकट्याने मोटार नेली तरी तेच, टनभराच्या वरच. सायकलवर माणसामागे एकूण ८० किलो, त्यातले बहुतेक त्याचे स्वतःचेच.

आता हेच पाच इंच अमेरिकेत नेऊ. 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' पश्चिम किनाऱ्यावरून सुटते आणि पूर्व किनाऱ्यावर संपते. सुमारे ४,८०० किलोमीटर, वाटेत एकूण चढण ५३,००० मीटरच्या आसपास. एव्हरेस्टची उंची सहा वेळा. कसाऱ्याच्या मापाने १७७ घाट. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या संघात ती नऊ दिवसांच्या आत संपवली. २०१७ मध्ये नाशिकचेच लष्करी डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ एकट्याने उतरले. मुदत बारा दिवसांची. त्यांना लागले ११ दिवस, १८ तास, ४५ मिनिटं. एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मागोमाग काही तासांत नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोचले.

गोकुळनाथांचा एक दिवस नाशिकच्या नकाशावर मांडून पाहा. रोज चारशे किलोमीटर म्हणजे नाशिकहून मुंबई, मुंबईहून परत नाशिक, आणि तरी जीव उरला तर पुन्हा इगतपुरीपर्यंत. त्यात दिवसाला पंधरा कसारा घाट. झोप तुकड्यातुकड्यांत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. असे जवळजवळ बारा दिवस. पाच-पाच इंचांचे सव्वाचार लाख फेरे नुसत्या चढणीचे. एवढ्या सगळ्या चढणीला निव्वळ ऊर्जा लागली बारा युनिटांच्या आत. दीड टनाचा एसी रात्रभर चालवला की आठ-दहा युनिटं जातात. मी हे गणित तीनदा तपासलं.

त्या सकाळी घाटमाथ्यावर घाटनदेवीच्या देवळात पोचलो तेव्हा धुकं उतरत होतं. घंटा वाजवली, बाटलीत उरलेले दोन घोट प्यायलो. मागे दरीत पडलेला पाऊस भातसा नदीतून उल्हासला मिळतो आणि शंभरेक किलोमीटरवरच्या अरबी समुद्रात जातो. इगतपुरीच्या अंगाला पडलेला पाऊस दारणेतून गोदावरीला मिळतो, आणि त्र्यंबकेश्वराहून निघालेली गोदावरी १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. इगतपुरीच्या सहाशेक मीटरच्या उंचीवरून एवढं अंतर, म्हणजे किलोमीटरमागे सरासरी हातभर उतार. जी उंची मी चाळीस मिनिटांत चढून आलो, ती उतरायला या पाण्याला सरासरी सातशे किलोमीटर लागतात.

गिअर टाकला. नाशिक अजून पंचेचाळीस किलोमीटर, पाणी जातं त्याच अंगाला.