गाडी मिसिंग मारतेय? कार्बोरेटर शेवटी खोला

आज सुरुवातीलाच एक कबुली. काकांच्या जुन्या पेट्रोल पिकअपचा कार्बोरेटर मी उगाचच खोलला होता.

झालं असं, की गाडी उभी असली की थरथरायची, मध्येच बंद पडायची. रेस दिली की मात्र बरी चालायची. एकदा पहाटे टोमॅटोचे क्रेट घेऊन जाताना घाटातच बंद पडली. काका म्हणाले, "बस झालं, भंगारात देऊ." मी व्हिडिओ बघून कार्बोरेटर खोलला, जेट साफ केले, परत बसवला. फरक शून्य!

मग मिस्त्रींनी मला क्रम शिकवला: आधी स्पार्क, मग हवा, मग पेट्रोल.

आधी स्पार्क. इंजिन बंद करून एका प्लगची वायर काढायची, तिला जादा प्लग लावून तो इंजिनच्या लोखंडाला टेकवायचा आणि गाडी चालू करायची. इंजिन आणखी अडखळलं, तर तो सिलिंडर काम करतोय. काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथे. आमचे चारही सिलिंडर ठीक होते. पण प्लग काढून पाहिले तर टोकं पांढरट. फिकट तपकिरी रंग चांगला, काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे हवा जास्त.

मग हवा. वजनाने 1 भाग पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा लागते. नव्या गाडीत सेन्सर हे प्रमाण सांभाळतात. कार्बोरेटरमध्ये मात्र अरुंद घशातून जाणारी हवाच पेट्रोल ओढून घेते. त्यामुळे कार्बोरेटरच्या पुढे कुठे भेग पडली, तर फुकटची हवा आत शिरते आणि ती सावरणारं कोणी नसतं. आयडलिंगला एकूण हवा कमी आणि आतली ओढ जास्त, म्हणून त्रास तेव्हाच जास्त दिसतो.

मिस्त्रींनी गरम इंजिनवर चोक थोडा ओढला. इंजिन लगेच सुधारलं! म्हणजे हवाच जास्त होती. मग त्यांनी पाइप आणि पॅकिंगवर साबणाचं पाणी थोडं थोडं मारलं. एका पाइपवर पाणी पडताच इंजिनचा आवाज बदलला. (क्लीनरचा स्प्रे चालू इंजिनवर मारू नका, पेट घेईल.)

तो पाइप ब्रेक बूस्टरचा निघाला! हल्ली ब्रेकचं पेडल कडक लागायचं, ते आम्ही गाडीचं म्हातारपण समजत होतो. इंजिन मिसिंग मारत होतं म्हणून ब्रेकचा दोष सापडला. नाहीतर एखाद्या दिवशी भरल्या गाडीने घाट उतरताना काय झालं असतं, विचार करवत नाही.

पाइप बदलला, गाडी शांत झाली. पेट्रोलपर्यंत जायची वेळच आली नाही. तुमच्यावर आली, तर आधी फिल्टर बघा, मग फ्लोट, आणि जेट अगदी शेवटी.

काकांची पिकअप अजून मार्केटला जाते. चला, भेटू पुढच्या भागात!