जुनी मोटार घेताना घसारा पाहा

ऊसबिल जमा झाले की जुन्या मोटारीची चौकशी सुरू होते. आधी घसारा समजून घ्या. विम्याच्या कोष्टकात नव्या गाडीच्या किमतीतून दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० व पाचव्यात ५० टक्के वजा धरतात. म्हणजे आज नवी ६ लाखांना मिळणारी लहान गाडी चौथ्या वर्षात ३ लाख ६० हजारांची. ही घट पहिल्या मालकाने सोसलेली. खोडव्याला लागणीचा खर्च नसतो, तसेच हे. बाजारभाव थोडा इकडेतिकडे होतोच. पण कोणी साडेचार लाख मागितले तर वरचे ९० हजार म्हणजे ३ हजार दराने ३० टन ऊस झाला! आम्ही तर कोष्टकच पुढे ठेवू. आणि सातबारा पाहता तसा आरसी बुकावरचा बोजाही बघा. तो उतरल्याशिवाय इसार देऊ नका.