विश्लेषण : रस्त्यावरच्या भीतीमुळे मुलींचे शिक्षण आणि कमाई कशी घटते?

गुन्हा घडला आणि तक्रार झाली, तर पोलिसांत नोंद होते. गुन्हा घडू नये म्हणून मुली ज्या संधी सोडून देतात, त्यांची नोंद मात्र कुठेच नसते. दिल्लीतील एका अभ्यासाने ही किंमत आकड्यांत मांडली आहे.

अभ्यास कोणता?

अर्थतज्ज्ञ गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठातील सुमारे ४ हजार विद्यार्थ्यांची माहिती गोळा केली. बारावीला किती गुण, कोणती महाविद्यालये मिळू शकत होती, प्रत्यक्षात कोणते निवडले आणि घरापासूनचा मार्ग कसा होता, हे तपासले. मार्गांची सुरक्षितता ठरवण्यासाठी ‘सेफ्टीपिन’ आणि ‘सेफसिटी’ या मोबाइल अ‍ॅपवरील नोंदी वापरल्या.

काय आढळले?

मार्ग बराच अधिक सुरक्षित वाटत असेल, तर मुली दर्जानुसार पहिल्या २० टक्क्यांतील महाविद्यालय सोडून खालच्या निम्म्यातील महाविद्यालयही स्वीकारतात. तेवढ्याच सुरक्षिततेसाठी मुले पहिल्या २० टक्क्यांऐवजी फार तर पहिल्या ३० टक्क्यांतील महाविद्यालयापर्यंत खाली येतात. सुरक्षित प्रवासासाठी मुलांपेक्षा वर्षाला १८,८०० रुपये जास्त मोजण्याची मुलींची तयारी दिसली. या तडजोडीमुळे त्यांची पदवीनंतरची कमाई सुमारे २० टक्क्यांनी घटू शकते, असा अभ्यासाचा अंदाज आहे.

याचा विषमतेशी संबंध काय?

घरी गाडी असेल किंवा रोजचे टॅक्सीभाडे परवडत असेल, तर भीतीवर पैशाने मात करता येते. बसथांब्यापर्यंत अंधारातून चालत जाणाऱ्या मुलीला ती सोय नाही. मग जवळचे महाविद्यालय, घराजवळची नोकरी, संध्याकाळच्या क्लासला नकार, असे मार्ग उरतात. गुण सारखे असूनही पुढे पगार वेगळे होतात. शिवाय हे सारे ‘तिचीच निवड’ म्हणून खपून जाते.

सरकारी उपाय पुरेसे आहेत?

दिल्लीत २९ ऑक्टोबर २०१९ पासून महिलांना सरकारी बसचा प्रवास मोफत झाला. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत मिळते. मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर १९९२ पासून ‘लेडीज स्पेशल’ लोकल धावते. सवलतीने खर्च वाचतो, पण थांब्यावरची वाट पाहणे आणि गर्दीतले धक्के टळत नाहीत. महिलांसाठीची गाडी स्थानकापर्यंत सुरक्षित आणते, पुढचा रस्ता तोच राहतो.

मग काय करायला हवे?

वेळेवर आणि वारंवार येणाऱ्या बस, चालू पथदिवे, मोकळे पदपथ आणि उशिरापर्यंत वर्दळ राहील अशी दुकाने, ही कामे महापालिका आणि परिवहन विभागांची आहेत. मुंबईच्या अनुभवावर आधारित ‘व्हाय लॉयटर?’ (२०११) या पुस्तकात शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी आणखी एक मुद्दा मांडला : सुरक्षेच्या नावाखाली बायकांना घरात ठेवणे हा उपाय नाही; कारण नसतानाही बाहेर असण्याचा त्यांचा हक्क मान्य व्हायला हवा. रस्त्यावर बायका जितक्या जास्त, तितकी एकटीची भीती कमी होते. म्हणून शहर किती सुरक्षित, हे ठरवताना गुन्ह्यांच्या आकड्यांसोबत रात्री ९ नंतर बसमध्ये किती महिला दिसतात, हेही मोजायला हवे.