बीटी कापसाचे पेटंट आणि शेतकऱ्याचा बियाण्यावरील हक्क

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराने वनस्पतींच्या वाणांना पेटंटद्वारे किंवा स्वतंत्र कायद्याद्वारे संरक्षण देण्याचे बंधन सदस्य राष्ट्रांवर घातले. भारताने दुसरा मार्ग स्वीकारला. वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ मधील कलम ३९ अन्वये संरक्षित वाणाचेही बियाणे राखून ठेवणे, पुन्हा पेरणे, त्याची देवाणघेवाण व विक्री करणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. मात्र ते ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. पेटंट कायद्याच्या कलम ३(जे) नुसार वनस्पती, बियाणे व वाण यांना पेटंट मिळत नाही. अमेरिकेत पेटंट असलेल्या सोयाबीनचे दाणे पुन्हा पेरणाऱ्या शेतकऱ्याविरुद्ध तेथील सर्वोच्च न्यायालयाने 'बोमन विरुद्ध मोन्सॅन्टो' या खटल्यात २०१३ मध्ये एकमताने निर्णय दिला. त्या तुलनेत भारतीय शेतकरी, निदान कागदावर तरी, सुरक्षित दिसतो.

परंतु कापूस उत्पादकाला हा हक्क फारसा वापरताच आला नाही. २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता मिळाली ती संकरित वाणांच्या रूपाने. संकरित कापसाची सरकी पुढील हंगामात पेरल्यास झाडे एकसारखी येत नाहीत, काहींमध्ये बीटी जनुकच उतरत नाही आणि उत्पादन घटते. त्यामुळे दर मृगाला नवे पाकीट घेणे भाग पडते. अमेरिकेत जे काम न्यायालयाला करावे लागते, ते येथे संकराने आपोआप साधले. पहिल्या पिढीच्या बोलगार्ड तंत्रज्ञानावर भारतात पेटंटदेखील नव्हते. तरीही प्रारंभीच्या काळात ४५० ग्रॅमच्या सुमारे १६०० रुपयांच्या पाकिटात १२५० रुपये तंत्रज्ञानशुल्काचे असत! आंध्र प्रदेश शासनाने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली, तेव्हा २००६ मध्ये पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आली.

दुसऱ्या पिढीच्या तंत्रज्ञानाला २००८ मध्ये पेटंट मिळाले. त्यावरील गाजलेला वाद मोन्सॅन्टो व नुझिवीडू सीड्स या दोन कंपन्यांमधील होता. शेतकरी त्यात पक्षकार नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०१८ मध्ये पेटंट अवैध ठरविले. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून प्रकरण एकल न्यायाधीशांकडे परत पाठविले. त्याच वर्षाअखेर पेटंटची मुदत संपली आणि २०२१ मध्ये कंपन्यांनी तडजोड केली. बियाण्यात घातलेले जनुक कलम ३(जे) च्या कक्षेत येते काय, हा मूळ प्रश्न त्यामुळे अनिर्णितच राहिला. दरम्यान, २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने याच तंत्रज्ञानाच्या कापसाची हानी केली. त्या हंगामातही पाकिटामागे शुल्क आकारले जातच होते. केंद्र शासनाने २०१६ मध्ये हे शुल्क १६३ वरून ४९ रुपयांवर आणले आणि २०२० मध्ये ते शून्य केले.

शुल्क गेले, पाकीट मात्र सुटले नाही. कलम ३९ प्रत्यक्षात यायचे तर सरकी राखता येईल असे सरळ वाण हवे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सहभागातून २००९ मध्ये 'बिकानेरी नरमा बीटी' हे असे वाण प्रसारित झाले होते. त्यात मोन्सॅन्टोचे जनुक आढळल्याने त्याचे बीजोत्पादन थांबविण्यात आले. पुढे सार्वजनिक संस्थांनी सरळ बीटी वाणे पुन्हा तयार केली. पण कृषी सेवा केंद्रात शेतकऱ्यापुढे येणारी बहुतेक पाकिटे अद्याप संकरित वाणांचीच असतात.