मजुरी मिळाली, असं कधी म्हणायचं?

आजचा विषय पैशाचा आहे, पण मी काही अर्थशास्त्री नाही, तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस. त्यामुळे माझा प्रश्न साधा आहे. मजुराला मजुरी 'मिळाली' असं आपण नेमकं कधी म्हणायचं? हातात नोटा पडल्या तेव्हा, चेक मिळाला तेव्हा, की मोबाईलवर मेसेज आला तेव्हा?

1972 च्या दुष्काळात आपल्या भागात लोक खडी फोडायला गेले. हजेरीपटावर अंगठा आणि हातात रोख पैसे, असा व्यवहार होता. देणारा समोर, घेणारा समोर. पण खोट तिथंच होती. अंगठा एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, हे सहज करता यायचं.

आता बघा, कायदा मात्र रोखीच्याच बाजूचा होता. 1936 चा वेतन प्रदान कायदा सांगायचा, मजुरी चलनी नाण्यांत किंवा नोटांतच द्या. का? कारण मालक पैशाऐवजी माल द्यायचे, आपल्याच दुकानाची चिठ्ठी द्यायचे. इंग्लंडात याच कारणासाठी 1831 मध्ये कायदा झाला होता. रोख पैसा कुठल्याही दुकानात चालतो, म्हणजे तो मजुराला मालकापासून मोकळा करतो. पुढे 1975 मध्ये चेक आणि बँक खातं यांना परवानगी मिळाली, पण कामगाराची लेखी संमती हवी होती. 2017 मध्ये ती अट गेली.

चेक म्हणजे काय? बँकेला लिहिलेला हुकूम. तो वटेपर्यंत पैसा तुमचा नाही. तो भरायला बँकेत जायचं म्हणजे कामाचा खाडा, आणि तो परत आला तर पुन्हा हेलपाटा. कार्डानं हा त्रास वाचतो. मजुरी थेट खात्यावर जमा होते आणि संध्याकाळीही एटीएममधून काढता येते. 2014 च्या जनधन योजनेनंतर रुपे कार्ड खेड्यापाड्यांत पोचलं, ही लहान गोष्ट नाही.

पण कार्डात पैसा नसतो, पैसा खात्यात असतो. कार्ड ही किल्ली. मग किल्ली कोणाकडे, हा खरा प्रश्न.

कळंब, वाशी, भूम, परंड्याकडची माणसं ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून आधी उचल घेतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. काम दोघांचं, उचल बहुधा नवऱ्याच्या नावावर. अशा घरात पैसे नवऱ्याच्या खात्यावर आले, तर बायकोला मजुरी मिळाली का? आणि कार्ड मुकादमाच्या खिशात, पिन त्याच्या पाकिटावरच लिहिलेला असेल, तर नवऱ्याला तरी मिळाली का?

तत्त्वज्ञानात आपण हक्क आणि ताबा यांत फरक करतो. खात्यावर नाव असणं हा हक्क झाला. ताबा तेव्हाच, जेव्हा किती आले ते मला कळतं आणि कोणाला न विचारता मला ते काढता येतात. नाव, माहिती आणि मोकळीक, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच मजुरी मिळाली असं मी म्हणेन.

मघाशी एका श्रोत्यानं विचारलं, "सर, मग रोखच बरी होती का?" नाही. रोखीत आकडा खोटा लिहिता यायचा. खात्यात निदान नोंद राहते, भांडायला पुरावा राहतो. पण आधीचा लबाड जसा हजेरीपटापाशी बसायचा, तसा आताचा पिनपाशी बसू शकतो. रोजगार हमीची मजुरी 1 जानेवारी 2024 पासून आधारशी जोडली गेली. पैसे काढताना अंगठा लावायचा, तर खडी फोडून झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्राला नेहमी उमटत नाही. तेव्हा अडलेला माणूस पुन्हा कुणाच्या तरी मेहेरबानीवर जातो.

म्हणून घरी गेल्यावर एक करा. शेतात, वीटभट्टीवर, धुण्याभांड्याला तुमच्याकडे जे कोणी येतं, त्यांना विचारा: खातं कोणाच्या नावावर? पासबुक शेवटचं कधी भरलं? कार्ड कुठंय? उत्तर "मालकाकडं" असं आलं, तर ते त्यांना परत मिळवून द्यायला मदत करा.