मुक्त प्रणालींचे मेळावे

बोईसर-पालघरकडील एखादी मुलगी रविवारीं पहांटेची लोकल धरून ‘ओपन सोर्स’च्या मेळाव्यास मुंबईस निघाली, म्हणजे घरांतील वडील मंडळी विचारतात, “तेथें ना परीक्षा, ना प्रमाणपत्र, मग हा खटाटोप कशासाठीं?” प्रश्न रास्त आहे.

घोलवडच्या चिकूचें कलम शेजाऱ्यास दिल्यानें आपलें झाड खुरटत नाहीं. मुक्त प्रणालीचें तसेंच आहे. तिची मूळ आज्ञावली कोणासहि वाचतां, सुधारतां व वांटतां येते. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं अमेरिकेंत या चळवळीचा पाया घातला; १९९१ त लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. आपले अँड्रॉइड फोन त्यावरच चालतात. उसनी आणलेली वाटीभर साखर न विसरतां परत करणाऱ्या घरांतहि चोरून उतरविलेल्या प्रणाली बिनदिक्कत नांदतात, हें आम्हांस नेहमीं खटकतें. मुक्त प्रणालीनें तें पाप तरी टळतें.

परंतु ही विद्या केवळ वाचून अंगीं लागत नाहीं. ‘फॉस युनायटेड’ या २०२० सालच्या संस्थेचे मेळावे मुंबईसारख्या शहरांतून भरतात. कोणी आपण केलेलें काम दाखवितो, दुसरा त्यांतील दोष काढतो, आणि चहाच्या वेळीं नवखा धीर करून आपली अडचण सांगतो. नवख्याचें पहिलें काम आज्ञावली लिहिण्याचेंच असतें असें नाहीं. ‘लिब्रेऑफिस’ मराठींतून वापरतां येतें; त्यांतील एकेक शब्द कोणीतरी बसून मराठींत आणला आहे. अशा कामास घरांतील आजोबांचें किंवा काकूंचें चोख मराठी फार मोलाचें.

डहाणूपर्यंत लोकल २०१३ पासून आली, तरी पालघर चर्चगेटहून सुमारें ९० किलोमीटर! मग मेळावा इकडेच कां न भरावा? तारापूरचें अणुवीजकेंद्र १९६९ पासून चालूं आहे, शेजारीं औद्योगिक वसाहत आहे. जाणत्या अभियंत्यांची वाण नाहीं. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारीं जगभर ‘सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन’ पाळतात. त्यास शाळेचा एक वर्ग पुरे. पूर्वतयारीस पवईच्या आय.आय.टी.चे ‘स्पोकन ट्युटोरियल’ हे छोटे धडे मराठींतहि आहेत.

तोंवर मुंबईस जाणारांनीं घरचा जुना संगणकच बरोबर न्यावा, आणि परतीची गाडी अगोदर पाहून ठेवावी. विरारच्या पुढें गाड्या विरळ असतात.