मोजणाऱ्या मंडलाची मोजपट्टी

रबरी पट्टीने बाकाची लांबी मोजली तर दर वेळी उत्तर वेगळे येईल. दोष बाकाचा नाही, पट्टीचा. इलेक्ट्रॉनिक मंडलातही हेच कसे घडते, ते आपण पाहू.

एलएम ३५ हा तापमान-संवेदक दर अंश सेल्सिअसला १० मिलिव्होल्ट देतो. म्हणजे ३७ अंशांना ३७० मिलिव्होल्ट. या दाबाचे आकड्यात रूपांतर करणारी चिप त्याची तुलना एका ठरावीक दाबाशी करते. पुष्कळदा आपण त्यासाठी मंडलाला पुरवलेले ५ व्होल्टच वापरतो. हा पुरवठा ४.७५ व्होल्टवर उतरला, की पट्टी ५ टक्क्यांनी आखडते आणि ३७ अंशांचे ३८.९ अंश होतात. संवेदक खरे बोलत असूनही निरोगी मूल तापाने आजारी ठरते!

म्हणून पुरवठा बदलला तरी न बदलणारा ‘संदर्भ दाब’ लागतो. पूर्वी प्रयोगशाळांत यासाठी एडवर्ड वेस्टन यांनी १८९३ मध्ये शोधलेला, सुमारे १.०१८ व्होल्टचा घट वापरत. आज हे काम चिप करते. सिलिकॉनच्या संधीवरील दाब तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. प्रवाहाची घनता वेगवेगळी असलेल्या दोन संधींच्या दाबांतील फरक मात्र तापमानाबरोबर वाढतो. हा फरक योग्य पटीने वाढवून पहिल्या दाबात मिळवला, की घट आणि वाढ एकमेकींना खोडतात आणि सुमारे १.२५ व्होल्टचा जवळजवळ स्थिर दाब मिळतो.

वर्गात टीएल ४३१ ही चिप घेऊन हे पाहता येईल. तिची कॅथोड व रेफरन्स ही टोके एकत्र जोडू. ९ व्होल्टच्या बॅटरीचे धन टोक १ किलोओहमच्या रोधातून त्यांना आणि ऋण टोक अ‍ॅनोडला जोडू. कॅथोड व अ‍ॅनोड यांच्यामध्ये सुमारे २.५ व्होल्ट दिसतील. बॅटरीऐवजी ६ व्होल्ट देणारे चार घट लावले, तरी आकडा जवळपास तोच राहील; रोधातील प्रवाह तेवढा ६.५ वरून ३.५ मिलिअँपिअरवर येईल.

या दाबावर दिवा किंवा मोटर चालवू नये. मोजपट्टीने कोणी खिळे ठोकत नाही. शिवाय अचूक आणि स्थिर यांतला फरक विद्यार्थ्यांना जरूर सांगावा. साध्या टीएल ४३१ चा दाब २ टक्क्यांपर्यंत कमीजास्त असू शकतो; म्हणजे ३७ अंशांत सुमारे ०.७ अंशाची चूक. पण ती रोज जवळपास तेवढीच राहते, म्हणून चांगल्या तापमापीशी एकदा ताडून दुरुस्त करता येते. डळमळत्या पुरवठ्याची चूक अशी दुरुस्त होत नाही, कारण उद्या ती वेगळीच असते.